एकच ‘एस’, तीन कामे

इंग्रजीत ‘बॉय’ या शब्दाला ‘एस’ जोडला की ‘मुले’, ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ असे तीन अर्थ निघतात, पण उच्चार तिन्हींचा ‘बॉइज’ असा एकच राहतो. लेखनात ते वेगळे ओळखू यावेत म्हणून ॲपॉस्ट्रॉफी हे स्वल्पविरामासारखे, परंतु अक्षराच्या वरच्या अंगाला दिले जाणारे चिन्ह वापरतात: साध्या अनेकवचनात ते नसते, एकवचनी षष्ठीत, म्हणजे मालकी किंवा संबंध दाखवणाऱ्या रूपात, ते ‘एस’च्या आधी येते आणि अनेकवचनी षष्ठीत ‘एस’च्या नंतर. मराठीत ‘मुलाचा’ आणि ‘मुलांचा’ यांतला फरक अनुस्वारामुळे कानालाही कळतो. इंग्रजीत तो केवळ डोळ्यांसाठी आहे, आणि खुद्द इंग्रज माणसेही या चिन्हाशी अडखळतात ती त्यामुळेच.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे ११०० पर्यंतच्या भाषेत, ही रूपे वेगळी होती. दगड या अर्थाच्या ‘स्तान’चे अनेकवचन ‘स्तानस’ आणि षष्ठी ‘स्तानेस’ अशी होई. पुढे आघात नसलेले शेवटचे स्वर क्षीण झाले आणि दोन्ही प्रत्यय एकमेकांत मिसळले. ॲपॉस्ट्रॉफी सोळाव्या शतकात फ्रेंचमधून आली ती गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून; षष्ठीतला ‘ई’ गळाला असल्याने तिथेही ती रूढ झाली, तरी अनेकवचनी षष्ठीतली तिची जागा पक्की व्हायला अठरावे शतक उजाडावे लागले. मधल्या काळात हा ‘एस’ म्हणजे ‘त्याचा’ या अर्थाच्या ‘हिज’चा अवशेष होय, असा समज सुशिक्षितांतही होता आणि निबंधकार जोसेफ ॲडिसनने १७११ मध्ये ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात तो मांडलाही; राणीच्या मुकुटाला ‘हिज’ कसे लागेल, हा साधा प्रश्न मात्र त्या समजाला पेलणारा नव्हता.

दोन्ही रूपे कानाला वेगळी लागतात अशी काही ठिकाणे आहेत. पत्नी या अर्थाच्या ‘वाइफ’चे अनेकवचन ‘वाइव्ह्ज’ होते, तर षष्ठीत ‘फ’ टिकून ‘वाइफ्स’ असा उच्चार होतो. ‘मेन’, ‘चिल्ड्रन’ यांसारखी अनेकवचने ‘एस’विना बनतात, त्यामुळे त्यांच्या षष्ठीत एकवचनाप्रमाणेच आधी चिन्ह आणि मग ‘एस’ येतो. दुकानांच्या पाट्यांवर नेमका इथेच घोटाळा होतो.

षष्ठीचा ‘एस’ आता नामालाच चिकटतो असेही नाही. चौदाव्या शतकातला कवी चॉसर याच्या काळात ‘पत्नीची कथा, बाथची’ अशा धर्तीची रचना चाले. आज तीच कथा ‘द वाइफ ऑफ बाथ्स टेल’ म्हणून ओळखली जाते, म्हणजे कथा त्या बाईची असूनही प्रत्यय गावाच्या नावाला लागतो. संपूर्ण शब्दसमूहाच्या शेवटी लागणारा हा ‘एस’ खऱ्या अर्थाने विभक्तिप्रत्यय उरला आहे का, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

स्थळनामांत तर नियमापेक्षा रूढीच बलवत्तर ठरते. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर ‘अर्ल्स कोर्ट’ आणि ‘बॅरन्स कोर्ट’ ही लागून असलेली स्थानके. पहिल्याच्या नावात ॲपॉस्ट्रॉफी आहे, दुसऱ्याच्या नाही. अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेले भौगोलिक नामांचे मंडळ हे चिन्ह सहसा स्वीकारतच नाही, तरी मॅसॅच्युसेट्समधल्या ‘मार्थाज व्हिनयार्ड’ या बेटाला १९३३ मध्ये अपवाद म्हणून ते परत देण्यात आले.