संध्याकाळची हजेरी

गिरगावातल्या खोताच्या वाडीतून कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती चालत अर्ध्या तासावर. गिरगावकर ते अंतर सहसा मोजत नाही.

समाजकार्य शिकलेल्या प्रीती पाटकर यांना १९८६ साली तिथल्या एकाच गल्लीत आजी, आई आणि मुलगी गिऱ्हाइकाच्या वाटेकडे डोळे लावून उभ्या दिसल्या. त्याच वर्षी ‘प्रेरणा’ ही संस्था उभी राहिली आणि १९८८ साली तिचं रात्र-केंद्र सुरू झालं. धंद्याच्या वेळी खाटेखाली किंवा रस्त्यावर राहणारी मुलं संध्याकाळी इथे येतात, जेवतात, अभ्यास-वाचन करतात, झोपतात आणि सकाळी शाळा गाठतात.

मला या वेळापत्रकातच सगळी हुशारी दिसते. दलाल वावरतो तोच गृहपाठाचा वेळ. दहा बाय दहाच्या खोलीत पडद्यापलीकडे गिऱ्हाईक असताना पाढे कोण म्हणणार? मूल नापास होतं, शाळेतून नाव जातं, मग मुलीला ‘कामाला लावतो’ म्हणणारा कुणी ना कुणी भेटतोच. म्हणून संध्याकाळचा वाचनवर्ग एकाच वेळी दोन दारं लावून घेतो: नापासीचं आणि दलालाचं.

अशा वर्गात वाचन शिकवायची एक रीतही मुंबईतल्याच एका संस्थेने घडवली. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी उभी केलेली ‘प्रथम’ ही संस्था १९९५ पासून इथल्या वस्त्यांत काम करू लागली. मूल कितवीत आहे हे बाजूला ठेवायचं. त्याला अक्षर येतं, शब्द येतो, परिच्छेद येतो की गोष्ट, हे बघून गट पाडायचे. पाचवीतल्या मुलीला अक्षरांच्या गटात बसायला लाज वाटते खरी, पण वर्गात काहीच न कळता बसण्याची लाज तिला रोजचीच असते.

नुसत्या पुस्तकाने कुणी दलाल अडत नाही, हे मान्य. अडतो तो हजेरीमुळे. मुलगी आली नाही तर केंद्रातली ताई थेट आईच्या दारात उभी राहते. मुलीची विचारपूस करणारं गल्लीबाहेरचं माणूस आहे, हे कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीलाही कळतं.

वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी वेगळ्या शाळा काढा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. गौरव जैन खटल्यात न्यायालयाने ती नाकारली. वेगळी शाळा म्हणजे कपाळावरचा शिक्का, हे ओळखून. त्यामुळे दिवसा इतरांबरोबर साधी शाळा आणि रात्री केंद्र, हीच विभागणी योग्य वाटते. आता कामाठीपुऱ्यातला धंदा आक्रसतोय, चाळी पुनर्विकासाला निघाल्यात, बायका उपनगरांत पांगल्यात. ‘प्रेरणा’चं काम शेजारच्या फॉकलंड रोडखेरीज वाशी-तुर्भ्यातही चालतं.