स्पॅनिश गाण्यांचं जग (भाग ६) : अव्वल ठरवतं कोण?

गाणं पहिल्या क्रमांकावर आलं म्हणजे ते लोकांना सर्वांत जास्त आवडलं, असं आपण धरून चालतो. या लेखमालेत आतापर्यंत मीही याद्यांचा आधार घेत आलो. पण यादी कोण करतं आणि काय मोजून करतं, हे पाहिल्याशिवाय पुढच्या काळातल्या गाण्यांचा उलगडा होणार नाही.

अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने स्पॅनिश गाण्यांची वेगळी यादी सुरू केली १९८६ च्या सप्टेंबरात. पहिला मान मिळाला रोसियो दुर्कालच्या 'ला गिर्नाल्दा'ला. दुर्काल मूळची माद्रिदची, पण मोठी झाली ती मारियाची वादकांच्या साथीने मेक्सिकन रांचेरा गाऊन. गायिका स्पेनची, बाज मेक्सिकोचा आणि मोजदाद अमेरिकेत! स्पॅनिश गाण्याला एक घर नाही, हे त्या पहिल्याच यादीत दिसतं.

तेव्हा मोजायचं ते एवढंच, की स्पॅनिश रेडिओ केंद्रं त्या आठवड्यात काय वाजवतात. ऐकणाऱ्याची आवड तिथे पोहोचायची ती केंद्रावर गाणी निवडणाऱ्याच्या हातून गाळून. त्यातही रेडिओला सतत नवं काहीतरी हवं असतं, त्यामुळे गाणी लवकर खाली उतरत. शकीरा आणि अलेहांद्रो सान्झ यांचं 'ला तोर्तुरा' २००५ मध्ये २५ आठवडे वर राहिलं, तो विक्रम कित्येक वर्षं टिकला.

ऑक्टोबर २०१२ मध्ये नियम बदलले. डाउनलोड आणि स्ट्रीमिंग मोजलं जाऊ लागलं, इंग्रजी केंद्रांवर गाणं वाजलं तर तेही धरलं जाऊ लागलं. एनरिके इग्लेसियासचं 'बायलान्दो' मग ४१ आठवडे पहिलं राहिलं, आणि २०१७ चं 'देस्पासितो' ५६ आठवडे. ही गाणी 'ला तोर्तुरा'च्या दुप्पट चांगली होती, असं मला मुळीच वाटत नाही. एकाच माणसाने तेच गाणं रोज ऐकलं, तर आता प्रत्येक वेळ जमा होते. शिवाय गाण्याला इंग्रजी ओळी जोडून दुसरी आवृत्ती काढली, की इंग्रजी केंद्रांचे दरवाजेही उघडतात.

ही जोडणी मात्र जुनी आहे. सेव्हिलजवळच्या दोस एर्मानासच्या 'लोस देल रिओ' या जोडीचं 'माकारेना' १९९३ चं, अख्खं स्पॅनिश. १९९६ मध्ये अमेरिकेच्या मुख्य यादीत ते १४ आठवडे पहिलं होतं, पण मायामीत इंग्रजी कडवी घालून केलेल्या रूपात. 'देस्पासितो'चंही तेच झालं. लुईस फोन्सी आणि डॅडी यांकी या पोर्तोरिकन गायकांचं हे गाणं स्पॅनिश यादीत फेब्रुवारीतच पहिलं आलं होतं. मुख्य यादीत ते पहिलं आलं मे महिन्यात, जस्टिन बीबरचा आवाज जोडल्यावर. त्याआधी, १९८७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या 'लोस लोबोस'नी व्हेराक्रूझचं लोकगीत 'ला बाम्बा' इंग्रजीची एक ओळही न घालता त्या जागी नेलं होतं. मला त्या यशाचं मोल जास्त वाटतं.

म्हणूनच २०२३ चं 'एया बायला सोला' महत्त्वाचं. एस्लाबोन आर्मादो आणि पेसो प्लुमा यांचं हे गाणं मेक्सिकोच्या प्रादेशिक बाजाचं, तारवाद्यं आणि पितळी वाद्यांच्या साथीचं. ते अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं. त्या बाजाचं कुठलंही गाणं त्याआधी पहिल्या पाचांत आलं नव्हतं. मधे रेडिओवाला नसला की ऐकणाऱ्यांचा कौल कुठवर जातो, ते इथे दिसलं.

तरीही आठवड्याच्या मोजणीत न मावणारी गाणी उरतातच. दुर्कालनेच गायलेलं 'आमोर एतेर्नो' मेक्सिकोत आजही अंत्यविधीला गातात, १० मे रोजी मातृदिनाला दिवंगत आईच्या आठवणीत गातात. ते रचणाऱ्या हुआन गाब्रिएलविषयी पुढच्या आठवड्यात.