सेलम : चेटकिणींचे गाव

गावाला नाव कशाने मिळेल याचा नेम नसतो. पैठणला ते लुगड्याने मिळाले, मिरजेला सतारी-तंबोऱ्यांनी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात सेलम नावाचे एक जुने बंदर आहे, त्याला नाव मिळाले ते एका अन्यायाने. १६९२ साली चेटूक केल्याच्या आरोपावरून तेथे एकोणीस माणसे फासावर गेली, आणि तेव्हापासून ‘चेटकिणींचे गाव’ हे बिरुद त्या गावाला चिकटले ते चिकटलेच.

बॉस्टन शहराच्या नॉर्थ स्टेशनवरून आगगाडीने अर्ध्या तासात सेलमला जाता येते. बॉस्टन परिसरातील मराठी मंडळी पाहुण्यांना ऑक्टोबरात आवर्जून तेथे नेतात. आम्हीही असेच गेलो. आपल्याकडे शरद म्हटला की कोजागरीचे चांदणे आठवते. तिकडचा शरद म्हणजे पानगळ. मेपलची झाडे लालभडक होतात आणि दुपारच्या उन्हातही अंगावर लोकरीचे काही तरी असावे लागते.

स्टेशनाबाहेर पडताच जत्रा लागते. उंच निमुळत्या काळ्या टोप्या, केरसुण्या, रंगवलेले चेहरे, भविष्य सांगणारे, भुताच्या गोष्टी ऐकवीत गल्लीबोळांतून हिंडवणारे वाटाडे. १९८२ पासून गावाने या महिन्याला रीतसर उत्सवाचे रूप दिले आहे आणि लाखो माणसे त्यासाठी येतात. पोलिसांच्या मोटारींवर चेटकिणीचे चित्र आहे. एका दूरदर्शन-मालिकेतील हसऱ्या चेटकिणीचा पुतळा २००५ साली भर चौकात बसविला आहे. जत्रेला नाके मुरडणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे; लोकांना वर्षातून एकदा सोंग घ्यावेसे वाटते, घेऊ द्यावे. पण या सोंगाच्या गर्दीत मूळ गोष्ट हरवते, ती अशी की फासावर गेलेल्यांत चेटकीण एकही नव्हती. त्यांत चौदा बाया होत्या आणि पाच पुरुष. त्यांना जाळले, असा पुष्कळांचा समज आहे, तोही चुकीचा आहे. सेलममध्ये कोणालाही जाळले नाही.

झाले ते असे. सेलम बंदरापासून काही मैलांवर सेलम व्हिलेज ही शेतकऱ्यांची वस्ती होती; तिला आज डॅन्व्हर्स म्हणतात. तेथील धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस यांची नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची पुतणी-भाची कोणी नातलग यांना १६९२ च्या जानेवारीत झटके येऊ लागले. मुली किंचाळत, अंग वाकडेतिकडे करीत, कोणी चिमटे काढते, टोचते म्हणून सांगत. हे चेटूक आहे असे निदान झाले. फेब्रुवारीअखेर तिघींवर वॉरंट निघाले : घरची गुलाम टिट्युबा, दारोदार मागून खाणारी सारा गुड, आणि अंथरुणाला खिळलेली सारा ऑस्बर्न. ज्यांची बाजू घेणारे कोणी नाही, त्यांच्यापासून सुरुवात झाली. पुढे आरोपींची संख्या दीडशेच्या वर गेली. सारा गुडच्या चार-पाच वर्षांच्या मुलीलाही साखळदंड घालून तुरुंगात ठेवले होते.

लोक म्हणतात, तो काळच अंधश्रद्धेचा होता. हे उत्तर आम्हांला अपुरे वाटते. चेटकावर विश्वास त्याआधीही होता आणि नंतरही राहिला. पण नुसत्या विश्वासाने एकोणीस फाशा होत नाहीत. त्यासाठी न्यायालय लागते. मे महिन्यात नवे गव्हर्नर विल्यम फिप्स यांनी एक खास न्यायालय नेमले, आणि विल्यम स्टॉटन हे त्याचे मुख्य न्यायाधीश झाले. या न्यायालयाने एका विलक्षण पुराव्याला मान दिला. पीडित मुलगी म्हणे, “ही बाई छायारूपाने येऊन माझा गळा दाबते आहे.” ती छाया मुलीला दिसे, इतरांना दिसत नसे. आता आरोपीने बचाव काय करावा? त्या वेळी मी दहा मैलांवर माझ्या घरी होते, असे म्हणावे, तर देह घरीच असणार, छाया तेवढी गेली! साक्षीदार आणावेत, तर न दिसणाऱ्या गोष्टीचा साक्षीदार कोण होणार? प्रश्न एकच उरे : सैतानाला निरपराध माणसाचे रूप घेता येते की नाही? नाही, त्या माणसाची संमती लागतेच, असे स्टॉटन यांचे मत होते. एवढे मानले की आरोप आणि पुरावा यांत अंतर राहत नाही.

याहून भयंकर गोष्ट पुढे आहे. टिट्युबाने गुन्हा कबूल केला. ती वर्षभराहून अधिक काळ तुरुंगात राहिली, पण जिवंत सुटली. जो कबुली देईल आणि आणखी नावे सांगेल, तो वाचे. कबुलीवर ठाम राहिलेल्यांपैकी एकालाही फाशी झाली नाही. सॅम्युएल वॉर्डवेलने आधी कबुली दिली, मग ती खोटी होती असे सांगितले, आणि तो फासावर गेला. एकाहत्तर वर्षांच्या रिबेका नर्स या सत्शील बाईला ज्यूरीने प्रथम निर्दोष ठरविले होते. मुलींनी आक्रोश मांडला, न्यायाधीशांनी फेरविचार करण्यास सांगितले, आणि निकाल फिरला. जॉर्ज बरोज हे स्वतः धर्मोपदेशक. फासाखाली उभे राहून त्यांनी प्रभूची प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हटली. चेटकी माणसाला ती नीट म्हणता येत नाही, असा समज होता. गर्दी चळली; तरीही फाशी झालीच. ऐंशीच्या घरातील जाइल्स कोरी यांनी तर खटला चालवून घेण्यासच नकार दिला. त्यांच्या अंगावर फळी ठेवून तीवर दगड रचीत गेले. १९ सप्टेंबरला ते मेले; तीन दिवसांनी त्यांच्या बायकोला फाशी दिली.

आर्थर मिलर यांनी १९५३ साली याच प्रसंगावर ‘द क्रुसिबल’ हे नाटक लिहिले, ते अमेरिकेत कम्युनिस्टांची नावे सांगा म्हणून माणसांची चौकशी चालू असताना. नाटकात अकरा वर्षांची मुलगी तरुणी झाली आहे आणि साठीचा जॉन प्रॉक्टर तिचा प्रियकर. नाटककाराला तेवढी मुभा असावी. पण कबुली आणि नावे यांचा सौदा त्यांनी अचूक हेरला. दुसरीकडे १९७६ साली, राय धान्यावरील बुरशीने मुलींना भास झाले असावेत, अशी उपपत्ती मांडली गेली. इतिहासकारांना ती फारशी पटली नाही. बुरशीने झटके येतील, निकालपत्र येणार नाही. सरहद्दीवरचे युद्ध, तेथून पळून आलेली घाबरलेली कुटुंबे, वस्तीतील जुनी भांडणे, ही कारणे अधिक जवळची.

हे थांबले तेही पुराव्याच्याच प्रश्नावर. ऑक्टोबरात धर्मोपदेशक इन्क्रीज मॅथर यांनी सांगितले की सैतान निरपराधाचेही रूप घेऊ शकतो, आणि एका निर्दोषाचा बळी जाण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. फिप्स यांनी ते न्यायालय मोडले. १६९३ च्या जानेवारीत नव्या न्यायालयाने छायेचा पुरावा बाजूला ठेवला, आणि बहुतेक सर्व आरोपी निर्दोष सुटले. सुटलेल्यांनाही तुरुंगातील खर्च भरल्यावाचून बाहेर पडता येईना! १६९७ साली न्यायाधीशांपैकी सॅम्युएल स्यूअल यांनी चर्चमध्ये सर्वांसमक्ष उभे राहून आपला दोष पत्करला. स्टॉटन यांनी कधीच पत्करला नाही. १७११ मध्ये कुटुंबांना ५७८ पौंड १२ शिलिंगांची भरपाई मंजूर झाली. शिक्षा झालेल्यांतील शेवटचे नाव, एलिझाबेथ जॉन्सन हिचे, पुसले गेले ते २०२२ मध्ये, आणि तेही एका शाळेतील आठवीच्या मुलामुलींनी पाठपुरावा केला म्हणून.

हे ऐकताना आपल्यापैकी पुष्कळांना सातपुड्यातील ‘डाकीण’ आठवली असेल. तेथेही नाव आधी ठरते आणि पुरावा मागून येतो. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात अमुक माणूस करणी करतो, जादूटोणा करतो, असे भासवून त्याला छळणे हाच गुन्हा आहे. सेलमच्या न्यायालयाने ज्याला पुरावा मानले, त्याला आपला कायदा अपराध मानतो.

गावात आणखीही पाहण्यासारखे आहे. न्यायाधीश जोनाथन कॉर्विन यांचे काळपट लाकडी घर उभे आहे. हिंदुस्थानाकडे जहाजे नेणाऱ्या कप्तानांनी १७९९ साली काढलेल्या मंडळातून वाढलेले मोठे संग्रहालय आहे, आणि त्यात पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांची चित्रे आहेत. सेलमला यावरून नाव मिळाले असते तर किती बरे झाले असते! जुन्या दफनभूमीत न्यायाधीश जॉन हॅथॉर्न यांची कबर आहे. कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न त्यांच्याच वंशातले.

त्या दफनभूमीला लागून १९९२ साली उभारलेले स्मारक आहे. तीन बाजूंनी दगडी भिंत, भिंतीतून पुढे आलेली वीस बाके, प्रत्येकावर एक नाव, एक तारीख आणि मृत्यू कसा आला ते. उंबऱ्याच्या फरशीवर आरोपींनी न्यायालयात काढलेले निर्दोषपणाचे उद्गार कोरले आहेत, आणि ती अक्षरे मध्येच भिंतीखाली जाऊन तुटतात. आम्ही गेलो तेव्हा काळी टोपी घातलेली एक लहान मुलगी बाकावरचे नाव बोटाने गिरवीत होती.

फाशीची जागा कोणती, याची खात्री २०१६ पर्यंत पटलेली नव्हती. लोक टेकडीचा माथा दाखवीत. अभ्यासकांनी ठरविलेली जागा टेकडीच्या पायथ्याचा एक खडक निघाला, प्रॉक्टर्स लेज नावाचा. तेथे २०१७ च्या १९ जुलैला, म्हणजे रिबेका नर्स यांच्या फाशीच्याच तारखेला, एकोणीस नावांची एक अर्धगोल भिंत उघडली गेली. मागे औषधांचे दुकान आहे, समोर घरे. जत्रेतील माणसे इतक्या लांब क्वचितच येतात. आम्ही तेथे पाऊण तास होतो. तेवढ्यात एक गृहस्थ कुत्र्याला फिरवीत आले, भिंतीपाशी थांबले, आणि पुढे गेले.