गुलाबी फळी आणि घराचे आरोग्य

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी स्वयंपाकघर उपसले जाते. डबे खाली उतरतात, फळ्या पुसल्या जातात, जळमटे निघतात. अलीकडे या साफसफाईला एका नव्या हौसेची जोड मिळाली आहे. फळ्यांना फिका गुलाबी रंग द्यायचा, कडाप्प्याच्या कडेला गुलाबी झालर लावायची, डाळी-मसाल्यांसाठी गुलाबी झाकणांच्या बरण्या आणायच्या. रुग्ण पाहायला घरी गेलो की अशी नटलेली स्वयंपाकघरे दिसतात आणि ती छान दिसतात, हे कबूल केले पाहिजे.

आता फळीची सजावट आणि डॉक्टर यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा, की घरातले सगळे जण दिवसातून तीन वेळा जे खातात ते या फळीवरूनच येते. पोटाचे, त्वचेचे, दम्याचे काही रुग्ण आणि विषबाधा झालेली काही लहान मुले या फळीवरूनच थेट दवाखान्यात येतात. म्हणून हौस जरूर करावी, पण ती करताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

रंगाचा गुण किती?

गुलाबी रंगाने मन शांत होते, असे सांगितले जाते. याचा उगम अमेरिकेत आहे. १९७९ मध्ये सिॲटल येथील नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली आणि त्यामुळे कैद्यांचा राग निवतो, असा गाजावाजा झाला. पुढे काळजीपूर्वक केलेल्या अभ्यासांत तसा परिणाम आढळला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील एका तुरुंगाच्या अभ्यासातही गुलाबी आणि साध्या कोठडीतील कैद्यांत फरक दिसला नाही. तेव्हा सुनेचा किंवा सासूबाईंचा राग फळीच्या रंगाने कमी होईल, या आशेवर राहू नये.

मात्र फिक्या रंगाचा एक गुण निश्चित आहे. त्यावर उंदराच्या लेंड्या, झुरळांचे काळे ठिपके, तेलाचे ओघळ आणि भिंतीतून आलेली ओल चटकन दिसते. गडद रंगावर महिनोन्महिने लपणारी घाण फिक्या गुलाबीवर दुसऱ्या दिवशी नजरेत भरते. वैद्यकीय दृष्टीने हा फायदा मोठा आहे.

रंगाच्या डब्यातले शिसे

तांबड्यात पांढरा मिसळला की गुलाबी छटा मिळते. पूर्वी ऑइलपेंटमध्ये रंग खुलावा आणि लवकर वाळावा म्हणून शिशाची संयुगे घालत. शिसे शरीरात साठत जाते. त्याने रक्त कमी होते, पोटात दुखते, बद्धकोष्ठ होतो आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ मध्ये नियम केले. त्यानुसार १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असता कामा नये. डब्यावर तसा उल्लेख पाहूनच रंग घ्यावा. सुटा किंवा बिनानावाचा रंग स्वयंपाकघरात नको.

यापेक्षाही जास्त काळजी जुन्या रंगाची घ्यावी. नवा रंग देण्यापूर्वी लाकडी फडताळाचा जुना ऑइलपेंट पॉलिश पेपरने घासला जातो. त्याची धूळ पिठाच्या डब्यावर, भांड्यांवर आणि मुलांच्या हातांवर बसते. घासायचे असेल तर फडताळ अंगणात न्यावे, पृष्ठभाग ओला करून घासावा आणि धूळ झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. त्या वेळी गरोदर स्त्री आणि लहान मुले जवळ नसावीत. रंग पुरता वाळून वास गेल्यावरच डबे परत लावावेत.

झालरीखाली काय आहे?

फळीवर अंथरलेला कागद आणि कडेची झालर दिसते सुंदर, पण तिच्या आड झुरळांची वस्ती होते. डिंक, खळ आणि सांडलेले पीठ हे झुरळांचे आवडते खाद्य. कागदाच्या घडीत त्यांच्या अंड्यांची तपकिरी पिशवी चिकटलेली असते आणि एका पिशवीतून डझनावारी पिल्ले निघतात. मोरीतून आणि संडासातून फिरून आलेले झुरळ जुलाबाचे जंतू पायाला लावून पोळ्यांच्या डब्यावर चढते. त्याची विष्ठा आणि अंगाची सालपटे धुळीत मिसळली की दम्याच्या रुग्णाला धाप लागते. तेव्हा कागद लावायचा असेल तर तो दर महिन्याला बदलावा. त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसता येईल असे गुलाबी मेणकापड बरे, आणि तेही न चिकटवता नुसते अंथरलेले.

झुरळांसाठी डांबराच्या गोळ्या फळीवर ठेवू नयेत. त्या बाजारात रंगीतही मिळतात आणि मुलांना पेपरमिंटसारख्या वाटतात. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. अशा मुलाने एखादी गोळी जरी खाल्ली, तरी रक्तातील तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट वर्तमानपत्राच्या याच पानावरून सांगतो. वर्तमानपत्र वाचावे, डब्याखालीही घालावे, पण त्यावर भजी, भाकरी किंवा तळलेले पापड ठेवू नयेत. छपाईची शाई तेलात उतरते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये याबद्दल सूचना दिली आणि २०१८ च्या नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधून देण्यास मनाई केली.

बरण्या आणि डबे

गुलाबी प्लॅस्टिकचे डबे घेताना बुडाशी पेला आणि काटा-चमच्याची खूण आहे का, ते पाहावे. ती खूण अन्नासाठी योग्य असलेल्या प्लॅस्टिकची असते. तरीही त्यात गरम आमटी, कढत तेल किंवा लोणचे भरू नये. लोणच्याला चिनी मातीची जुनी बरणी किंवा काचच उत्तम. शोभेच्या चिनी भांड्यावर आतून रंगीत नक्षी असेल तर त्यात चिंच, लिंबू, दही असे आंबट पदार्थ ठेवू नयेत. काही नक्ष्यांच्या रंगांतही शिसे असते आणि आंबटाने ते सुटते. जुने पत्र्याचे डबे घरी रंगवायचे असतील तर फक्त बाहेरून रंगवावेत. कीटकनाशकाचा किंवा ऑइलपेंटचा रिकामा डबा कितीही घासला, कितीही सजवला, तरी तो धान्यासाठी वापरू नये.

आयोडीनयुक्त मीठ सुंदर उघड्या वाटीत शेगडीशेजारी मांडू नये. उष्णतेने आणि दमटपणाने त्यातले आयोडीन उडून जाते. त्याला घट्ट झाकणाची बरणी हवी. शेंगदाणे आणि मका ओलसर फळीवर ठेवले तर बुरशी धरते आणि तिचे विष यकृताला घातक असते. बुरशी आलेले दाणे निवडून वा भाजून वापरू नयेत, सरळ फेकून द्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे : बाटल्या

दवाखान्यात आलेला एक प्रसंग सांगतो. चार वर्षांचा मुलगा खोकत, तोंडातून फेस येत असलेल्या अवस्थेत आजीच्या कडेवर आला. दारावर आलेले सुटे गुलाबी फिनेल घरच्यांनी गुलाबाच्या सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरले होते. फळीवर एका रांगेत सगळे गुलाबी, म्हणून तीही बाटली तिथेच शोभेला लागली. "डॉक्टरसाहेब, बाटली तर सरबताचीच होती हो," आजी रडत रडत सांगत होत्या. त्यांचे म्हणणे खरेच होते. मुलालाही तेवढेच कळत होते. त्याला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले आणि दोन दिवसांनी ते मूल सुखरूप घरी आले. सगळीच मुले इतकी नशीबवान नसतात.

लहान मूल बाटलीवरचे नाव वाचत नाही. ते रंग आणि आकार ओळखते. आणि गुलाबी हा सरबताचा, आइस्क्रीमचा, बुढ्ढी के बालचा रंग आहे. म्हणून फिनेल, ॲसिड, रॉकेल, उंदराचे औषध, शेतावरची फवारणी यांपैकी काहीही स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवू नये आणि खाण्यापिण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नये. ते मूळ बाटलीतच, कुलपात असावे. घरातल्या माणसांच्या गोळ्यांनाही हाच नियम. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गुलाबी गोळ्या चहा-साखरेच्या डब्याशेजारी नकोत.

दिवाळीत रांगोळीच्या रंगांच्या पुड्या आणि कपड्याचा रंगही फळीवरच राहतो. शेजारी मिठाईच्या रंगाची पुडी असते. गडबडीत हात चुकतो. ऱ्होडामाइन-बी हा झगझगीत गुलाबी रंग कापडासाठी आहे, अन्नात त्याला बंदी आहे. कापसासारख्या मिठाईत तो सापडल्यामुळेच फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूने त्या मिठाईवर बंदी घातली.

चुकून मुलाने काही प्यायलेच, तर घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. रॉकेल, फिनेल, ॲसिड उलटून वर येताना फुप्फुसात जाते किंवा अन्ननलिका पुन्हा भाजते. मिठाचे पाणी तर स्वतःच मुलाला घातक ठरू शकते. तोंड पुसावे, कपड्यांवर सांडले असेल तर ते काढावेत, बाटली बरोबर घ्यावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. "बघू थोडा वेळ" असे म्हणून घरी थांबू नये.

वरची फळी, खालची फळी

शोभेसाठी मोठे डबे वर आणि लहान बरण्या खाली, अशी मांडणी काही ठिकाणी दिसते. ती उलटी करावी. जड डबे खाली, रोजचे डबे कंबर आणि खांद्याच्या मधल्या उंचीवर, क्वचित लागणाऱ्या हलक्या वस्तू वर. पाळी गेल्यानंतर स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. डळमळत्या स्टुलावरून पडून मनगट किंवा खुबा मोडला की पुढचे कित्येक महिने घराची घडी विस्कटते. झालर, लेस आणि कागदी फुले गॅसच्या शेगडीपासून दूर असावीत. नायलॉनची लेस पेटली तर वितळून कातडीला चिकटते.

तेव्हा गृहिणींनी आणि घरातल्या पुरुषांनीही यंदा फळी हौसेने गुलाबी करावी. फक्त लाडू-चिवड्याचे डबे भरून झाले की स्वयंपाकघरात एकदा जमिनीवर बसावे आणि तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून फळीकडे पाहावे. जे हाताला लागते आणि गोड दिसते, ते खरोखर खाण्याचेच आहे ना, एवढे तपासावे. या तपासणीला पाच मिनिटे लागतात आणि फी काहीच नाही.