कर्ज वकिलीचे, फेड सेवेतून

अमेरिकेत वकिलीची पदवी तीन वर्षांची असते आणि ती चार वर्षांच्या पहिल्या पदवीनंतर घ्यावी लागते. साहजिकच अनेक विद्यार्थी लाखाहून अधिक डॉलरचे कर्ज घेऊन बाहेर पडतात. बड्या फर्मच्या पगारात ते फिटते. सरकारी वकील, पब्लिक डिफेंडर किंवा गरिबांचे खटले विनामूल्य लढवणाऱ्या संस्थेतला वकील यांच्या पगारात फिटत नाही. म्हणून सेवेच्या बदल्यात शिक्षणाचा भार उचलणाऱ्या योजना तिथे आहेत.

काही योजनांत पैसे आधी मिळतात. लष्कराच्या योजनेत निवडक अधिकारी पूर्ण पगारावर विधी महाविद्यालयात शिकतात, शुल्क सरकार भरते, आणि शिक्षणाच्या प्रत्येक वर्षामागे दोन वर्षे लष्करी वकील म्हणून काम करावे लागते. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या बॉण्डसारखाच हा व्यवहार, फक्त मुदत बरीच लांब. न्यूयॉर्क विद्यापीठाची रूट-टिल्डन-कर्न शिष्यवृत्तीही लोकसेवेत उतरू पाहणाऱ्यांचे पूर्ण शुल्क भरते. अशा जागा मात्र मोजक्याच.

बहुसंख्यांच्या वाट्याला येते ते आधी कर्ज, मग माफी. २००७ च्या कायद्याने सुरू झालेली ‘पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस’ ही यातली सर्वांत मोठी योजना. सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० मासिक हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ होते. हप्ते सलग असण्याची अट नाही आणि माफ झालेल्या रकमेवर केंद्रीय प्राप्तिकरही लागत नाही. खरी मेख हप्त्याच्या हिशेबात आहे. समजा, कर्ज १,६०,००० डॉलर, व्याज ७ टक्के आणि पगार वर्षाला ७०,००० डॉलर आहे. उत्पन्नाशी जोडलेला हप्ता एकट्या माणसाला महिन्याला ४०० डॉलरच्या आतबाहेर बसतो, तर व्याजच ९३० च्या वर चढते. म्हणजे दहा वर्षे हप्ते भरूनही मुद्दल तसूभर कमी होत नाही. माफी मिळाली तर उत्तम. नवव्या वर्षी खासगी नोकरी धरली, तर फुगलेले कर्ज गळ्यात. बॉण्डमध्ये जोखीम पैसे देणाऱ्याची असते, इथे ती सगळी कर्जदाराची.

ही भीती पोकळ नव्हती. २०१७ मध्ये पहिले कर्जदार पात्र ठरू लागले, तेव्हा सुरुवातीचे सुमारे ९९ टक्के अर्ज फेटाळले गेले. कुणाचे कर्ज थेट सरकारचे नव्हते, कुणाची परतफेडीची पद्धत चुकीची, तर कुणाचे हप्तेच पुरे झाले नव्हते. ऑक्टोबर २०२१ मध्ये नियम तात्पुरते सैल केल्यावर चित्र पालटले आणि २०२४ अखेर माफी मिळालेल्यांचा आकडा दहा लाखांपलीकडे गेला. अर्थात त्यात शिक्षक, परिचारिका अशा सगळ्याच सेवकांचा समावेश आहे.

हार्वर्ड, येल यांसारखी काही महाविद्यालये कमी पगाराच्या माजी विद्यार्थ्यांचे हप्ते पूर्णपणे किंवा अंशतः स्वतः भरतात. हप्ता महाविद्यालयाने भरायचा आणि उरलेले सरकारने माफ करायचे, अशी सांगड बसली तर वकिलाच्या खिशाला फारशी झळ लागत नाही.

२०२५ च्या कायद्याने ही वाट अरुंद केली आहे. १ जुलै २०२६ पासून वकिलीच्या नव्या विद्यार्थ्यांना केंद्राकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच कर्ज मिळेल. वरचा खर्च खासगी कर्जातून भागवला, तर त्या कर्जाला ही माफी नाही. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या भारतीयांना तर केंद्रीय कर्जच मिळत नाही, त्यामुळे माफीचा हा मार्ग त्यांनी हिशेबात धरू नये.