अमरावतीची जागा

निवडणुकीचा निकाल लागला कीं ‘कोण आला, कोण पडला’ एवढ्यावर घरोघरचें बोलणें संपतें. परंतु एकाच मतदारसंघाचे सत्तर वर्षांचे निकाल ओळीनें पाहिले, तर त्या गांवाचें मन कसें पालटत गेलें तें दिसूं लागतें. आमच्या अमरावतीचेंच पाहूं.

आरंभींचा काळ डॉ. पंजाबराव देशमुखांचा. ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयांतील धर्मावर प्रबंध लिहिणारे हे विद्वान् १९५२, १९५७ व १९६२ असे तीनदां लोकसभेवर निवडून गेले. दहा वर्षें केंद्रांत कृषिमंत्री होते. आम्हांस मात्र त्याहून मोलाची वाटते ती १९२७ सालची गोष्ट. अंबादेवीचें मंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून त्या वर्षीं येथें डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली, आणि पंजाबराव त्या चळवळीच्या अग्रभागीं होते. दार अडवणाऱ्यांत आमच्याच पांढरपेशा समाजाची मंडळी होती. तें लपवून काय उपयोग?

पुढें १९८४ पर्यंत कॉंग्रेसची सत्ता येथें कधींच ढळली नाहीं. ती ढळविली १९८९ सालीं कम्युनिस्ट सुदामकाका देशमुखांनीं! १९९१ त प्रतिभाताई पाटील आल्या, ज्या २००७ सालीं राष्ट्रपति झाल्या. १९९६ त शिवसेनेचे अनंतराव गुढे.

आणि मग १९९८. जागा राखीव नव्हती, तरी कॉंग्रेसच्या पाठिंब्यानें रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई निवडून आले. गवई येथूनच जवळच्या दारापूरचे. त्याच निवडणुकींत शेजारच्या अकोल्यानें बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर यांस निवडिलें. तीही जागा सर्वसाधारणच. अकोल्यानें त्यांस १९९९ तही राखिलें. अमरावतीनें मात्र पुढच्याच निवडणुकींत गवईंस पाडून गुढ्यांस परत आणिलें.

२००९ पासून ही जागा अनुसूचित जातींसाठीं राखीव आहे. आनंदराव अडसूळ दोनदां आले. २०१९ त अपक्ष नवनीत राणा. त्यांचें जातप्रमाणपत्र मुंबई उच्च न्यायालयानें २०२१ त रद्द केलें, सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२४ त वैध ठरविलें; पण त्याच वर्षीं कॉंग्रेसच्या बळवंत वानखडे यांनीं त्यांस १९,७३१ मतांनीं हरविलें.

‘आपली खुली जागा गेली’ अशी कुरकुर आमच्या बैठकींत अजून ऐकूं येते. अशा वेळीं आम्ही एवढेंच सांगतों, कीं ती खुली होती तोंवर चौदा सार्वत्रिक निवडणुका झाल्या, आणि त्यांत रिपब्लिकन पक्षाचा मनुष्य एकदांच निवडून गेला. तोही तेरा महिन्यांपुरता.