आरोपपत्राची घड्याळं

अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अटक झाली, की आरोपपत्राची मुदत जप्त मालाच्या वजनावर ठरते. एमडी (मेफेड्रोन) ५० ग्रॅम, चरस १ किलो किंवा गांजा २० किलोच्या वर असेल, तर ते ‘व्यावसायिक प्रमाण’. तिथे एनडीपीएस कायद्याचं कलम ३६ (अ) (४) तपास यंत्रणेला १८० दिवस देतं. त्याखालच्या प्रकरणांत सहसा ६० दिवसच मिळतात. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून होते आणि रिमांडचा तो दिवसही धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

१८० दिवस वर्षापर्यंत वाढवता येतात, पण त्यासाठी सरकारी वकिलाने तपासाची प्रगती आणि कोठडीची नेमकी कारणं सांगणारा अहवाल द्यावा लागतो. तपास अधिकाऱ्याच्या अर्जावर नुसती सही चालत नाही. अर्धं वर्ष गजाआड असलेल्या माणसासाठी ही अट फार मोलाची आहे. मुदतवाढीच्या सुनावणीला आरोपी प्रत्यक्ष किंवा व्हिडिओद्वारे हजर हवा, असंही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ‘जिगर’ निकालात ठरलं.

मुदत उलटली आणि आरोपपत्र आलं नाही, तर जामीन हा हक्क होतो; कलम ३७ मधल्या जामिनाच्या कडक अटी तिथे आड येत नाहीत. मात्र अर्ज आरोपपत्र दाखल होण्याआधीच करायला हवा, आणि वकील परवडत नसलेल्या कैद्याचा हा हक्क नेमका इथेच हुकतो. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील त्यासाठी वेळेत मागावा.